पाचट पेटवू नका, आणि दुकानदाराच्या बाटलीच्या नादाला पण लागू नका

ऊस तुटून गेला, शेतात पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं पडली की हाच प्रश्न ठरलेला. "साहेब, पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो, दुकानदार म्हणतोय युरिया डबल टाका आणि सोबत पाचट कुजवायचं लिक्विड घ्या, करू का?"

नका करू.

खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून परत फुटणारं पीक, पिवळा पडतो कारण पाचट कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलं नत्र स्वतःच वापरतात, पिकाला कमी पडतं. म्हणून थोडं नत्र पाचटावरच द्यायचं. एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं कल्चर (जिवाणू-बुरशीचं विरजण), बास. डबल युरियाने पाचट डबल स्पीडने कुजत नाही, जास्तीचा हवेत उडतो नाहीतर पाण्याबरोबर खाली जातो. दुकानदाराचं काय, त्याची गोणी खपली.

वेळ पण चुकवू नका. कोरड्या पाचटावर युरिया फेकून आठ दिवसांनी पाणी द्यायचं असं बरेच जण करतात, तोपर्यंत युरिया गेलेला असतो. टाकला की लगेच पाणी. कल्चर युरियात मिसळू नका, चाळलेल्या शेणखतात कालवून फेका. आणि बुडख्यांवर, म्हणजे तोडणीनंतर राहिलेल्या बुंध्यांवर, कार्बेन्डाझिम (10 लिटरला 10 ग्रॅम) मारताय ना, तर त्याच पंपात कल्चर किंवा लिक्विड ओतू नका, दुकानदार सांगतो "चालतंय" पण बुरशीनाशक त्यातल्या कामाच्या बुरशीला पण मारतं. लिक्विडच पाहिजे असेल तर सरकारी वेस्ट डीकंपोजरची बाटली 20 रुपयांची आहे, 200 लिटर पाणी आणि 2 किलो गूळ घालून घरी वाढवता येतं, महागडी बाटली कशाला.

"फुटवेच (नवे कोंब) आले नाहीत" म्हणणाऱ्यांच्या शेतात गेलो की बहुतेक वेळा बुडखे पाचटाखाली गाडलेले दिसतात. पाचट सरीत दाबा, बुडखे उघडे ठेवा, धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. महिना-दीड महिन्याने सरीतलं मूठभर पाचट उचलून बघा, पांढरी बुरशी धरलेली आणि हाताने सहज तुटत असेल तर काम चालू आहे, कोरडं कडक असेल तर ओल कमी पडतीय, अजून युरिया नको.

एका एकरात 3 ते 4 टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातं आणि मग आपण शेणखताची ट्रॉली विकत आणतो.

माझं सगळ्यांना एकच सांगणं, पाचटावरचं ते थोडं सोडून खोडव्याचं बाकी खत पहारीने (लोखंडी टोकदार दांड्याने) भोक पाडून द्या. बगला फोडायच्या नाहीत, म्हणजे सरीच्या बाजू नांगराने उकरायच्या नाहीत. बुडख्यापासून 10 ते 15 सेंटीमीटरवर, 15 ते 20 सेंटीमीटर खोल भोक, दोन भोकांत एक फूट. पहिला हप्ता तोडणीनंतर 15 दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूने, दुसरा 130 ते 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूने. मजूर लागतात मान्य आहे, पण खत मुळाशी जातं, पाचटावर पडून वाया जात नाही. हे खत वरून फेकू नका म्हणजे नका.

पाचट कुट्टी मशीनच्या (पाचटाचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राच्या) अनुदानाचं काहींनी विचारलंय: महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) पाहिजे, पूर्वसंमती आल्याशिवाय मशीन घेऊ नका, आधीचं बिल चालत नाही.

ज्यांनी डबल युरिया टाकून झालाय त्यांनी पहारीच्या पहिल्या हप्त्यात जास्तीचा टाकला तेवढा युरिया कमी करा, आणि लिक्विडची बाटली न फोडलेली असेल तर परत करून या.