वाटणी, फाळणी, तह, करार: तोर्देसिल्यासपासून बर्लिनपर्यंत

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. तिच्या टिपणांत तीन वाक्यं आहेत: 'पोपने १४९४ मध्ये जगाची फाळणी केली', 'बर्लिन परिषदेत आफ्रिकेची वाटणी झाली' आणि 'पोर्तुगालने तहान्वये मुंबई इंग्लंडला आंदण दिली'. फाळणी, वाटणी, विभागणी हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, आणि जिथे लढाईच झाली नाही तिथे 'तह' म्हणायचं की 'करार', असं तिने विचारलंय.

नाही चालत. पहिल्या वाक्यात तर कर्ताही चुकलाय. पोपने जे केलं ते १४९३ मध्ये. १४९४ मध्ये जे झालं ते कॅस्टिल (स्पेनमधलं मुख्य राज्य) आणि पोर्तुगाल या दोन राजसत्तांनी आपसांत केलं.

आधी शब्द. 'वाटणी' म्हटलं की हिस्सेदार आलेच. शेताची वाटणी झाली म्हटल्यावर ऐकणारा लगेच विचारतो, कोणाकोणात? वाक्यात ते नसलं तरी मनात असतं. 'फाळणी'ला हिस्सेदारांची गरज नाही, तिचं सगळं लक्ष फाळल्या जाणाऱ्या वस्तूकडे. बंगालची फाळणी, पोलंडची फाळणी, हिंदुस्थानची फाळणी. जे एकसंध होतं ते चिरलं गेलं, एवढं तिला सांगायचं असतं. 'विभागणी' या दोघींपेक्षा थंड. कामाची विभागणी, खात्यांची विभागणी, मतांची विभागणी. तिच्यात कोणाला काही दुखत नाही, म्हणून सरकारी गद्याची ती फार लाडकी.

फाळणीचा हा दुखरा अर्थ मुख्यतः १९०५ आणि १९४७ ने पक्का केला. भूमी अभिलेख खात्याच्या दप्तरात मात्र हा शब्द अजून निर्विकार आहे. तिथे 'फाळणी नकाशा' मिळतो, पोटहिस्स्यांच्या हद्दी दाखवणारा. आणि तिथला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी वाटणीपत्र, म्हणजे कोणाला काय. मग मोजणी. मग हद्दीच्या खुणा. मग फाळणीचा नकाशा. आणि या सगळ्याच्या शेजारी, कोणत्याही कागदाला न जुमानता, कब्जा आणि वहिवाट. ज्याने तालुक्याच्या कचेरीत चार फेऱ्या मारल्यात त्याला १४९४ चा तो कागद, म्हणजे तोर्देसिल्यासचा तह, समजायला अजिबात जड जात नाही.

कोलंबस मार्च १४९३ मध्ये परतला आणि नव्या मुलखावरून कॅस्टिल आणि पोर्तुगालमध्ये भांडण पेटलं. पोप सहावा अलेक्झांडर मूळचा स्पेनचा, व्हॅलेन्सियाच्या मुलखातला. मे १४९३ मध्ये त्याने जी आज्ञापत्रं काढली, त्यांतल्या एकाने अझोर्स आणि केप व्हर्दी बेटांच्या पश्चिमेला शंभर लीगांवर (लीग हे अंतराचं जुनं माप) एक रेघ कल्पिली आणि तिच्यापलीकडचं सारं कॅस्टिलला दिलं. अडचण अशी की हे दोन बेटसमूह एका रेखांशावर नाहीत. मग शंभर लीग मोजायचे कुठून? (या कागदाला इंग्रजीत 'बुल' म्हणतात. त्याचा बैलाशी संबंध नाही. लॅटिन 'बुला' म्हणजे कागदाला लोंबणारी शिशाची मोहर. 'पोपचा फतवा' हे मराठी भाषांतर मला पटत नाही, कारण फतवा म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने दिलेलं मत. इथे 'देतो, बहाल करतो, नेमून देतो' अशी भाषा आहे. आपल्याकडे त्याला सरळ 'सनद' म्हणतात.)

पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव पोपच्या नादी न लागता थेट कॅस्टिलच्या राजा-राणीशी, फर्नांदो-इसाबेलांशी, बोलायला बसला. ७ जून १४९४ रोजी दुएरो नदीकाठच्या तोर्देसिल्यास गावात कागद झाला. रेघ केप व्हर्दीपासून ३७० लीग पश्चिमेला सरकली. पूर्वेचं पोर्तुगालचं, पश्चिमेचं कॅस्टिलचं. केप व्हर्दीच्या नेमक्या कोणत्या बेटापासून, ते लिहिलंच नाही. लीग किती लांबीचा, तेही नाही. (लीगला 'कोस' म्हणू नका. लीग आपल्या नेहमीच्या कोसाच्या साधारण दुप्पट भरतो, आणि वाचकाच्या मनात अर्धा महासागर नाहीसा होतो.)

आता बारकावे पाहा. दहा महिन्यांच्या आत दोन्ही बाजूंची गलबतं ग्रान कनारिया बेटावर जमतील, त्यांवर सुकाणूवाले, ज्योतिषी आणि खलाशी असतील, ते सगळे मिळून ३७० लीग मोजतील, आणि रेघ कुठे जमिनीला लागलीच तर तिथे खूण किंवा बुरूज उभारतील, असं त्यात लिहिलंय. स्पेनच्या जहाजांना पश्चिमेला जायचं तर पोर्तुगालच्या हिश्श्यातूनच जावं लागणार, म्हणून त्यांना वाट दिलीय, पण सरळ जायचं, मध्ये कुठे थांबून शोधाशोध करायची नाही. शेजाऱ्याच्या शेतातून बैलगाडीची वाट घेताना आपण हीच अट घालतो.

ही मोजणी कधी झालीच नाही. गलबतं जमली नाहीत, बुरूज उभा राहिला नाही. वाटणीपत्र झालं आणि मोजणी राहिली, असा हा मामला. म्हणून १४९४ साठी माझा शब्द 'वाटणी'. हिस्सेदार ठरलेले, हिस्से ठरलेले, फक्त मालमत्ता कोणी पाहिलेली नाही. काही अभ्यासक म्हणतील की जमीन वाटलीच नव्हती, शोधण्याचा आणि मिळवण्याचा हक्क वाटला. तेही खरं. तेव्हा 'शोधहक्कांची वाटणी' म्हणा, पण फाळणी नको. फाळायला हातात काही नव्हतं. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला तो २२ एप्रिल १५०० ला, आणि तो जात होता कालिकतला.

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस या वाटणीवर चिडून म्हणाला म्हणतात की, जगाच्या वाटणीतून मला वगळणारं आदमचं मृत्युपत्र दाखवा. हा सांगोवांगीचा किस्सा असला तरी नेमकं दुखणं त्यात आलंय. बाकीच्या भावांची सही नसलेलं वाटणीपत्र होतं ते. इंग्रज आणि डच यांनीही पुढे ते मानलं नाही.

रेघ पृथ्वीच्या या बाजूला आखली तर पलीकडे ती कुठे निघते, हा प्रश्न मसाल्याच्या मोलुक्का बेटांपाशी आला. १५२४ मध्ये दोन्हीकडचे जाणकार बादाहोस आणि एल्वासच्या दरम्यान, ग्वादियाना नदीच्या सीमेवर बसले. एका स्पॅनिश इतिहासकाराने इथला किस्सा लिहून ठेवलाय. पोर्तुगीज मंडळी नदीवर फिरत असताना आईने धुतलेले कपडे राखत बसलेल्या पोराने विचारलं, सम्राटाबरोबर (म्हणजे स्पेनच्या राजाबरोबर) जग वाटून घेणारे ते तुम्हीच का? हो म्हणताच त्याने सदरा वर करून पार्श्वभाग दाखवला आणि म्हणाला, मग रेघ इथून मधोमध काढा. गावभर हसू झालं. बैठकीतून काही निघालं नाही. शेवटी १५२९ मध्ये सारागोसाला नवा कागद झाला. मोलुक्काच्या पूर्वेला २९७.५ लीगांवर रेघ आणि पोर्तुगालकडून ३,५०,००० दुकाद (सोन्याची नाणी) रोख. यात फिलिपिन्स पोर्तुगालच्या बाजूला पडत होतं, पण १५६५ पासून तिथे स्पेनने बस्तान बसवलं. कागद एकीकडे, वहिवाट एकीकडे.

दक्षिण अमेरिकेत हेच उलट्या बाजूने झालं. पोर्तुगीज रेघेच्या कितीतरी पश्चिमेला आत घुसले होते. १७५० च्या माद्रिदच्या तहाने तोर्देसिल्यास बाजूला ठेवून तत्त्वच मान्य केलं की ज्याचा कब्जा त्याचं, आणि हद्दी नद्या-डोंगरांवरून ठरवल्या. उरुग्वाय नदीच्या पूर्वेची जेझुइट (कॅथलिक मिशनरी) वसाहतींची सात गावं पोर्तुगालच्या वाट्याला गेली, आणि तिथल्या ग्वारानी लोकांना घरंदारं सोडून नदीपलीकडे जायला सांगितलं गेलं. ते उठले. १७५४ ते १७५६ या काळात दोन्ही साम्राज्यांच्या फौजांनी मिळून त्यांना मोडलं. १७६१ मध्ये तहच रद्द झाला. या प्रकरणाला मी बिनदिक्कत 'फाळणी' म्हणेन, कारण इथे रेघेखाली माणसं होती आणि ती काय म्हणत होती ते नोंदलं गेलंय.

आता दुसरं वाक्य. बर्लिनची परिषद १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ अशी चालली. चौदा राष्ट्रं, यजमान बिस्मार्क, आफ्रिकेतला कोणी नाही. पण तिथे टेबलावर नकाशा पसरून आफ्रिका वाटली हे चित्र चुकीचं आहे. त्या सभेने मुख्यतः नियम केले: काँगो आणि नायजर नद्यांवर व्यापाराची मोकळीक, आणि किनाऱ्यावर नवा हक्क सांगायचा तर इतरांना कळवायचं आणि तिथे प्रत्यक्ष अंमल दाखवायचा. हा प्रत्यक्ष अंमल म्हणजे आपला 'कब्जा'. म्हणजे १४९४ ने कब्ज्याशिवाय हक्क मानला होता, १८८५ ने किनाऱ्यापुरती कब्ज्याची अट घातली. पोर्तुगालला ती महागात पडली. अंगोलापासून मोझांबिकपर्यंत सलग पट्टा आपला म्हणून त्यांनी गुलाबी रंगाचा नकाशा काढला होता. ११ जानेवारी १८९० ला ब्रिटनने निर्वाणीचा खलिता दिला आणि पोर्तुगालने माघार घेतली.

खऱ्या रेघा आखल्या त्या जोडी-जोडीने केलेल्या करारांनी. १८८६ आणि १८९० मध्ये ब्रिटन-जर्मनी, फ्रान्सशी वेगळे, पोर्तुगालशी वेगळे. १८९० मध्ये जर्मनीला उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड बेट मिळालं आणि ब्रिटनला झांझिबारवर मोकळा हात. याला वाटणीही म्हणवत नाही, ही अदलाबदल. आजची केनिया-टांझानिया सीमा किनाऱ्यापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे जवळजवळ सरळ जाते आणि किलिमांजारोपाशी वळसा घालते, ती याच कागदांमुळे. राणी व्हिक्टोरियाने नातवाला, म्हणजे जर्मन सम्राटाला, वाढदिवसाला डोंगर भेट दिला ही गोष्ट छान आहे, पण खोटी आहे. त्याच रेघेने मसाई दोन अंमलांत गेले. सोमालींचे तर पाच तुकडे झाले: ब्रिटिश, इटालियन, फ्रेंच, इथिओपियाकडचा आणि उत्तर केनियातला. सोमालियाच्या झेंड्यावरच्या ताऱ्याला पाच टोकं आहेत ती या पाच भागांची.

म्हणून 'आफ्रिकेची वाटणी' आणि 'सोमालींची फाळणी' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिल्यात डोळे युरोपच्या हिस्सेदारांवर, दुसऱ्यात चिरल्या गेलेल्यांवर. परीक्षेत लिहिताना 'बर्लिन परिषदेने वाटणीचे नियम ठरवले' असं लिहा. आणि वर्तमानपत्री 'लचकेतोड' हा शब्द अतिशयोक्त वाटला तरी त्या पंधरा-वीस वर्षांना तो शोभतो.

तह की करार? तहाला राज्यं लागतात, कराराला दोन माणसंही पुरतात. तहाच्या मागे लढाई असतेच असं नाही, पण लढाईची ताकद असते. पुरंदरचा, सालबाईचा, व्हर्सायचा तह. स्वातंत्र्यानंतर मात्र मराठीने तह जवळजवळ मोडीत काढला: ताश्कंद करार, शिमला करार, दोन्ही युद्धांनंतरचे असूनही. तेव्हा हा काळाचाही फरक आहे. तोर्देसिल्यासला 'तह' म्हणा. त्याच्या आधी १४७९ चा अल्कासोव्हासचा तह या दोन राज्यांमधलं युद्ध थांबवूनच झाला होता, आणि हा त्याचा पुढचा भाग. १८९० च्या कागदांना 'करार' पुरे. हिंदी पुस्तकातून टिपणं काढत असाल तर 'संधि'चं 'संधी' करू नका, मराठीत ती चुकायची किंवा साधायची असते.

राहिली मुंबई. २३ जून १६६१ च्या इंग्लंड-पोर्तुगाल तहात दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नानिमित्त 'मुंबईचं बंदर आणि बेट' दिलं गेलं. 'आंदण' शब्द चपखल आहे, पण लग्नाच्या निमित्ताने झालेला तो राज्यांचा व्यवहार होता, म्हणून 'तहान्वये'ही बरोबर. घोटाळा पुन्हा मोजणीचाच. बंदर आणि बेट म्हणजे नेमकं किती? इंग्रजांच्या मनात साष्टी-ठाणंही होतं, पोर्तुगीजांच्या मते फक्त मुंबईचं बेट, माहीमसुद्धा नाही. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर वाट पाहता पाहता वारला आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने जे मिळालं ते घेतलं. माहीम इंग्रजांनी लवकरच दाबलं. साष्टी मात्र १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कागदोपत्री त्यांची झाली.