बुधवारचं पाऊल

सोलापूर, कार्तिक

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडला होतास. लेकरू बुधवारी चाललं आणि घरातल्या कुणी तुला कळवलं नाही. शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने तू पुण्याहून आलास, शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून त्याला तुझ्यासमोर उभं केलं, त्याने तीन-चार पावलं टाकली. तू मोबाइलवर टिपून घेतलंस, खाली 'पहिलं पाऊल' असं लिहिलंस. आणि दुपारी शेजारच्या अज्जी येऊन म्हणाल्या, "बुधवारीच आमच्या उंबऱ्यापर्यंत आला होता की!"

तुझ्या आईने आणि बायकोने हे मायेपोटी केलं. आठवडाभर पोरगा खोलीवर एकटा राहतो, मेसचं जेवतो, निदान पहिलं पाऊल आपल्यासमोर पडलं असं त्याला वाटू दे, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांच्यावर रागावू नकोस. पण तू विचारलंस, "बाई, आता तारीख कोणती लिहू?" तर दोन्ही लिही. बुधवारपुढे आईने पाहिलं असं लिही, शनिवारपुढे मी पाहिलं असं. आणि आजच्या आज आईला फोन लावून बुधवारचं नीट विचारून घे. किती वाजता, कशाला धरून उभा होता, कशासाठी निघाला, पडला का, पडल्यावर रडला की हसला. महिनाभर थांबलास तर त्या चार पावलांची दहा झालेली असतील. आजीच्या तोंडी नातवाचं काहीच कमी होत नसतं.

लेकराच्या नोंदी ठेवायला मोबाइलमधलं कुठलं ॲप घेऊ, हा तुझा दुसरा प्रश्न. ते तुझं तू बघ, मला त्यातलं कळत नाही. मी तर म्हणेन दोनशे पानी वही घे आणि साधं बॉलपेन. शाईचं नको, जेलचंही नको. माझी वही कॉटखाली असायची. एकदा पहाटे पाणी आलं, मी नळ सुरू करून पुन्हा आडवी झाले, पिंप भरून वाहिलं आणि खोलीभर पाणी. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, ते असं वाया गेलं म्हणून आधी त्यासाठीच जीव जळला. वही दुपारी आठवली. शाईच्या पेनाने लिहिलेले तीन महिने निळा डाग होऊन बसले होते. बॉलपेनची पानं मात्र वाचली.

पण कशाने लिहायचं यापेक्षा काय लिहायचं, यात माझी मोठी चूक झाली. तीच तुझी होऊ नये म्हणून हा कागद हातात घेतला.

एकतीस वर्षं मी प्रगतिपुस्तकं भरली. शेवटच्या रकान्यात 'प्रगती समाधानकारक' लिहायचं, फार तर 'अक्षर सुधारावे'. शेकडो पोरांच्या नावापुढे मी हे लिहिलं असेल. तुझ्याही पुढे लिहिलं असणार. त्यावरून तू कसा होतास हे कुणाला कळेल? मला तू आठवतोस तो वेगळ्याच कारणाने. चौथीच्या चाचणीला गणिताच्या पेपरच्या पाठीमागे तू कापड विणायच्या मागाचं चित्र काढलं होतंस, सूत नेणारा धोटा कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवून. मी तेव्हा 'पेपर खराब केलास' म्हणून तुला रागावले होते. ते चित्र कुठल्याही रकान्यात बसलं नाही.

माझी मुलगी १९८६ ची. तिची वही आज मी उघडली तर त्यात काय सापडतं? 'आज खूप बोलली.' 'फार खोडकर झाली आहे.' 'हुशार आहे, सगळं कळतं.' पानंच्या पानं अशी. खूप बोलली म्हणजे काय बोलली, ते नाही. काय खोडी केली, ते नाही. तो माझा शेराच झाला, मुलगी त्यात कुठेच नाही. लिहिताना वाटत होतं, हे कसं विसरेन! आणि विसरले. चाळीस वर्षांनी स्वतःच्याच अक्षरासमोर मी परक्यासारखी बसते.

एक पान मात्र धड आहे. मी शाळेत शिकवायला गेले की तिला आमच्या शेजारच्या अज्जी सांभाळायच्या, अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. सोळाव्या महिन्यात पोरगी संध्याकाळी 'आलु, आलु' करून रडायला लागली. आम्ही बटाटा उकडला, मीठ लावून दिला. तिने तो भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी अज्जी दारातून जाताना थांबल्या आणि हसत सुटल्या. "हालु केळ्ताळे!" दूध मागतेय ती. कन्नडमध्ये दुधाला हालु म्हणतात, आणि तिला 'ह' येत नव्हता. हे मी त्या रात्री जसंच्या तसं लिहिलं, बटाट्याचा डाग भिंतीवर कुठे पडला त्यासकट. आता ते पान वाचलं की ती संध्याकाळ, तो स्टोव्हचा आवाज, अज्जींचं हसणं, सगळं येतं. मुलगी आता चाळिशीला आली, तीही तेच पान पुन्हा पुन्हा वाचायला मागते. 'हुशार आहे' हे पान तिने कधी मागितलं नाही.

डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या तासाला डार्विनचं उदाहरण सांगितलं होतं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं, अर्थ नंतर कळला. त्याला १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा झाला आणि त्याने पोराच्या नोंदी ठेवल्या. सातव्या दिवशी बाळाच्या उघड्या तळव्याला कागदाचा कपटा लावला, तर त्याने पाय झटकन मागे घेतला आणि बोटं आखडली. बरोबर एक वर्षाचा झाला तेव्हा त्या पोराने खाण्यासाठी आपला आपण एक शब्द काढला, 'मम'. घे! लंडनातलं साहेबाचं पोर, आणि शब्द आपल्या घराघरातला मम्मं. या नोंदी त्याने छापल्या त्या १८७७ मध्ये, ३७ वर्षांनी, आणि तरी त्या ताज्या वाटतात. कारण त्याने कपटा लिहिला, बोटं लिहिली. 'बाळ चपळ आहे' एवढंच लिहून ठेवलं असतं तर कुणी वाचलं असतं?

तुझ्या घरात तर शब्दांची चंगळ आहे. घरात मराठी, बायकोची आई कन्नड, शेजारी एका बाजूला तेलुगू आणि गल्लीत हिंदी. सोलापूरच्या पूर्व भागातलं लेकरू दूध तीन भाषांत मागू शकतं: दूध, हालु, पालु. तेव्हा शब्द मोजशील तर सगळ्या भाषांतले मोज. 'याला मराठी शब्द पाचच येतात' असं म्हणून बायकोला घाबरवू नकोस. त्याने 'बा' म्हटलं तर ते कुणाकडे बघून, हात पुढे करून म्हटलं का ते बघ. अज्जींच्या घरात 'बा' म्हणजे ये.

आता तुलनेचं. आत्याने फोनवर सांगितलं ना, आमचा दहाव्या महिन्यातच पळायचा म्हणून? आत्याला हो म्हणायचं आणि सोडून द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या आठशेहून जास्त निरोगी मुलांना महिनोन्‌महिने पाहून २००६ मध्ये जे आकडे दिले, त्यात एकट्याने चालण्याचा काळ सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. इतकं मोठं अंगण आहे ते. तुझा तेराव्या महिन्यात चालला, म्हणजे अगदी मधोमध. त्यातली शंभरात चार मुलं तर हातापायांवर रांगलीच नाहीत, बसल्या बसल्या सरकली किंवा थेट उभी राहिली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या लेकराचं वय दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धरायचं असतं, हेही आत्यांच्या हिशेबात कधी नसतं.

मात्र वहीचा खरा उपयोग कधी कधी इथेच होतो, म्हणून हे जरा लक्ष देऊन वाच. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर गप्प बसायचा. आम्ही सगळे त्याला मठ्ठ धरून चाललो होतो, मीसुद्धा. त्याला ऐकू कमी येत होतं. डॉक्टरांनी आईला विचारलं, कधीपासून? आधी बोलायचा का? नावाने हाक मारली तर वळायचा का? तिला काहीच नक्की सांगता येईना, आणि ती तिथेच रडायला लागली. तेव्हा वर्ष-सव्वा वर्षाचं लेकरू हाकेला वळत नसेल, हवं ते बोटाने दाखवत नसेल, अठरा महिने होऊनही एकटं चालत नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. आणि आधी येत असलेलं काही गेलं, बोलणारं बोलेनासं झालं, तर एक आठवडाही थांबायचं नाही. अंगणवाडीतल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन तपासतं, २०१३ पासून. ते वर्षातून दोनदा. मधले दिवस घरातल्यांनीच बघायचे असतात.

लसीचं कार्ड वहीच्याच पाकिटात ठेव. त्यातला वजनाचा तक्ता आहे ना, हिरवा, पिवळा, नारिंगी, त्यावरच्या एकाच ठिपक्याकडे बघून कुणी रडू नये, रेघ कुठे चालली आहे ते बघावं. लॅमिनेशन करू नकोस, पुढच्या लसीची तारीख त्यावर लिहायची असते.

फोटोंचं तुम्हा मुलांना मी काय सांगणार. एकच सांगते, माझ्या जावयाने शिकवलेलं: व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बारीक होऊन येतो आणि त्याची मूळ तारीखही गळून जाते. मग बोरन्हाणाचा फोटो मोबाइलमध्ये मार्चमधला म्हणून दिसतो. घरच्यांना मूळ फाइल पाठवायला सांग. आणि अंघोळीचे, रडण्याचे फोटो स्टेटसला लावू नकोस. हे पोर उद्या दहावीत जाईल.

बोरन्हाणावरून आठवलं. आपल्याकडे मोजायला चांगल्या तिथी आहेत, त्यांचा उपयोग करून घे. बारसं, उष्टावण, जावळ, बोरन्हाण होऊन जातात. पण गड्ड्याची जत्रा दरवर्षी येते. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या मानाच्या काठ्या मिरवणुकीने निघाल्या की त्याच ठिकाणी, तशाच उन्हात त्याचा एक फोटो काढ. पाच वर्षांनी ओळीने लावून बघ. पहिल्यात खांद्यावर, मग हात धरून, मग हात सोडून खेळण्याच्या दुकानाकडे ओढ घेत असलेला.

रोज लिहू नकोस. रोज लिहिणारा पंधराव्या दिवशी कंटाळतो आणि वही कपाटात जाते. शनिवार-रविवार घरी असतोस, तेव्हा दहा ओळी लिही. आठवड्याचं बायकोला आणि आईला सांगू दे, तू त्यांच्या शब्दांत उतरव, 'लेकरानं काय केलं माहितीय का' पासून. पेन त्यांच्या हाती दे, हे तर उत्तमच. आणि दुसरं मूल झालं तर त्याचीही तेवढ्याच पानांची वही आण. माझा मुलगा १९९० चा. त्याच्या वहीत अकरा पानं आहेत. बारा वर्षांचा असताना त्याने ती मोजली, बहिणीचीही मोजली, आणि काहीच बोलला नाही. माझ्याकडे कारणं होती, बदली, सासूबाईंचं आजारपण. पोराला कारणं काय सांगणार?

पार्सलमध्ये शेंगाची चटणी आहे आणि एक गुंडाळलेली कापडी पट्टी. चटणी तुझी. पट्टी लेकराची. साखर पेठेतल्या घरी आम्ही दोन्ही मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडायचो. २००४ च्या दिवाळीला घर रंगवायला काढलं, रंगाऱ्याला सांगायचं माझ्याच लक्षात राहिलं नाही, आणि संध्याकाळी शाळेतून आले तर चौकट चॉकलेटी, चकचकीत. म्हणून ही पट्टी. घर बदललं तरी बरोबर नेता येते. दोन्ही टोकं मी शिवली आहेत, लाल टाक्याचं टोक खाली, जमिनीला टेकवून लाव.

अजून वर्षभर मात्र ती बाजूला ठेव, दोन वर्षांपर्यंत लेकराला झोपवून मोजतात. दोन पूर्ण झाली की उभं करायचं. तेव्हा आकडा अर्धा-पाऊण सेंटीमीटर कमी भरेल आणि तुझी आई म्हणेल, लेकरू वाळलं. तिला सांग, उभं राहिल्यावर तेवढं कमी भरतंच. चप्पल काढायची, टाचा भिंतीला टेकवायच्या, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरायचं. तो मान वर करून पुस्तक बघायला जाईल, तेव्हा समोर कुणालातरी उभं कर.

तुझ्या
बाई