हायड्रोजनसाठी थांबू नका, आधी रात्रीच्या पार्किंगचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मनीषनगरात फ्लॅट, रोज शहराबाहेर बुटीबोरीला जाणं-येणं, महिन्या-दोन महिन्यांनी गडचिरोलीला आई-वडिलांकडे. जुनी पेट्रोल गाडी काढायची आहे. इलेक्ट्रिक घ्यावी, हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी आणि मोटर असलेली) घ्यावी, की दोन-तीन वर्षं कळ काढून हायड्रोजनची गाडी घ्यावी? आणि आपल्या उन्हात बॅटरी तग धरेल का?

हायड्रोजनचं आधी सांगतो, कारण त्या बातम्यांवर विसंबून अनेक जण खरेदी पुढे ढकलत आहेत आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. नितीन गडकरी २०२२ मध्ये टोयोटा मिराई या हायड्रोजनवरच्या गाडीतून संसदेत गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. गाडी खरी आहे, चालते आणि धुराऐवजी पाण्याची वाफ सोडते. अडचण आहे ती इंधन तयार करण्यात. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. मग तो ७०० बार, म्हणजे हवेच्या जवळपास सातशेपट, दाबानं टाकीत भरायचा, त्याला आणखी काही युनिट. एवढं करून गाडी धावते साधारण शंभर किलोमीटर. तेवढंच अंतर इलेक्ट्रिक कार चार्जिंगमधली गळती धरून सोळा-सतरा युनिटांत कापते. म्हणजे तिपटीहून जास्त वीज. सौर वीज कितीही स्वस्त झाली तरी हे प्रमाण फारसं हलत नाही, कारण तीच वीज थेट बॅटरीतही भरता येते.

मिराई २०१४ मध्ये बाजारात आली. ज्या कॅलिफोर्नियात तिला सगळ्यात अनुकूल वातावरण होतं, तिथलेच स्वतःचे कारसाठीचे हायड्रोजन पंप शेल या तेल कंपनीनं २०२४ मध्ये बंद केले. आपल्याकडे तर सर्वसामान्य कारवाल्यासाठी पंपच नाही. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन महत्त्वाचं आहेच, पण खत कारखाने, तेलशुद्धीकरण आणि पोलाद यांची गरज आधी भागायला हवी. अवजड ट्रकांचं गणित वेगळं असू शकतं, २०२५ मध्ये आपल्याकडे त्यांच्या चाचण्या सुरूही झाल्या आहेत. तुमच्या कारच्या निर्णयातून मात्र हायड्रोजन बाजूला काढा.

आता ऊन. नागपूरकरांच्या मनातली शंका बिनबुडाची नाही. २०१७ मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सीचा मोठा प्रयोग याच शहरात झाला. त्या गाड्या एका चार्जमध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटर जायच्या, चार्जर मोजके, आणि भर उन्हात चालक रांगेत ताटकळायचे. ती आठवण अजून पुसलेली नाही. अमेरिकेत फिनिक्स शहराचा उन्हाळा आपल्यासारखाच कडक. तिथे २०१२ च्या सुमारास निसान लीफच्या मालकांनी बॅटरीची क्षमता झपाट्यानं घटल्याच्या तक्रारी केल्या होत्या. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला द्रवाची व्यवस्था नव्हती. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते याचा, विचारू नका. बॅटरी लिक्विड कूल्ड आहे का आणि तिचं रसायन एलएफपी आहे का, हे विचारा. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. उष्णतेत ती जास्त स्थिर असते. सध्या आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हीच बॅटरी येते आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी हायवेवरून येऊन गाडी थेट फास्ट चार्जरला लावली की समोरचा पंखा जोरात घोंघावू लागतो आणि स्क्रीनवरचा किलोवॉटचा आकडा हळूहळू उतरतो. बिघाड नसतो तो. गाडी बॅटरी जपण्यासाठी चार्जिंगचा वेग कमी करते. तिथे चिडण्यापेक्षा वीस मिनिटं जास्त धरून निघावं. एसीमुळे मे महिन्यात रेंज पंधरा टक्के तरी कमी धरा. शहरातल्या रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये त्याहून जास्त, कारण गाडी कमी आणि एसीच जास्त वीज खातो. बॅटरीला खरी इजा होते ती पूर्ण चार्ज केलेली गाडी दिवसेंदिवस उघड्या उन्हात उभी ठेवल्यानं. पूर्ण भरायचीच असेल तर पहाटे भरेल अशी वेळ लावा आणि सकाळी निघा.

कोराडीच्या वीज केंद्रातल्या कोळशावरच गाडी चालणार, मग उपयोग काय, असंही तुम्ही विचारलंय. धूर गाडीमागे शहरात न सोडता वीज केंद्राच्या चिमणीतून बाहेर पडतो, हा एक फायदा. दुसरा असा की ग्रीडमध्ये सौर वीज वाढेल तशी तीच गाडी दरवर्षी स्वच्छ होत जाते. पेट्रोल गाडीचं तसं होत नाही.

हायब्रिडला मी कमी लेखत नाही. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाच्या हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ नुसत्या बॅटरीवरही चालणारी) कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर देते, प्रत्यक्षात शांतपणे चालवली तर वीस-बावीस सहज. सीताबर्डीच्या गर्दीत तिची खरी मजा. ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते आणि इंजिन बराच वेळ बंद राहतं. हायवेवर हा फायदा आटतो, आणि तुमचं बुटीबोरीचं जाणं-येणं हायवेचंच आहे. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५. शेवटी ती पेट्रोलवरच चालते आणि पेट्रोल शंभरीच्या वर आहे. शंभर किलोमीटरला हायब्रिड पावणेपाचशेच्या आसपास खाते. इलेक्ट्रिकला युनिटमागे दहा रुपये धरले तरी एकशे सत्तर.

पण दहाचा दर धरताना आपलं वीजबिल उघडून बघा. रोजच्या पन्नास किलोमीटरना महिन्याला दोनशेहून अधिक युनिट लागतील आणि ते सगळे वरच्या स्लॅबमध्ये पडतील. उन्हाळ्यात घरचा एसी आधीच तिथे पोहोचलेला असतो. तो दर जड वाटला तर चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेण्याचा विचार करा.

हा सगळा हिशेब घरी रात्री चार्जिंग झालं तरच जमतो, म्हणून तुमच्या बाबतीत निर्णय पार्किंगवर येऊन थांबतो. मीटररूमपासून तुमच्या जागेपर्यंत आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग आणि १५ अँपिअरचा सॉकेट. एवढं झालं तरी रात्रभरात दीडशे किलोमीटरची भर पडते. महागडा वॉल चार्जर लागतच नाही. घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुभा आहे, ते सोसायटीच्या अर्जात जरूर लिहा. सेक्रेटरींना आगीची भीती असते. लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनचा लोड-तपासणीचा कागद सोबत जोडला की निम्मे आक्षेप तिथेच मिटतात.

गडचिरोली जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर. ४५ युनिटच्या बॅटरीवर मे महिन्यात ते एका दमात होणार नाही. उमरेड-ब्रह्मपुरीच्या वाटेवरच्या चार्जरवर भिस्त ठेवू नका. आई-वडिलांच्या घरीच असा एक सॉकेट बसवून घ्या. मुक्काम असेल तर रात्रीत परतीची सोय होते. उन्हाळी वादळात तिकडे वीज जाते, म्हणून पोहोचल्याबरोबर गाडी लावा, सकाळची वाट बघू नका.

आधी सोसायटीची लेखी परवानगी, मग बुकिंग. परवानगी मिळाली तर बिनधास्त इलेक्ट्रिक घ्या. समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी राज्याच्या २०२५ च्या धोरणात आहे, पुण्या-मुंबईला जाल तेव्हा तीही कामी येईल. दोन-तीन महिने पाठपुरावा करूनही सोसायटी हलली नाही, तर पब्लिक चार्जरच्या भरवशावर इलेक्ट्रिक घेऊ नका, हायब्रिडच घ्या.