दगड बारीक झाला, धार का नाही झाली? निसण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

माझ्याकडे सुऱ्यांना धार लावायचा १००० नंबरचा निसणा आहे. पुढचा ३०००चा घ्यावा की थेट ८०००चा?

रोजच्या मऊ स्टेनलेस सुऱ्यांना ३००० पुष्कळ झाला. ८०००ची चकाकी त्या स्टीलवर चार दिवसही टिकत नाही. कठीण कार्बन स्टीलचं पातं असेल आणि एका ओढीत पातळ काप काढायचे असतील, तरच ६०००-८०००चा विचार करा.

नंबर म्हणजे कणाचा आकार. जपानी मोजणीत १०००चा कण साधारण साडेअकरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ३०००चा चार आणि ८०००चा सव्वाच्या आसपास. युरोपीय मोजणी वेगळी असते. तिथल्या एफ-१०००चा कण साडेचार मायक्रॉनचा, म्हणजे जपानी ३०००च्या जवळचा. तेव्हा खोक्यावरचा नुसता आकडा बघून घेऊ नका, मोजणी कोणती तेही बघा.

८०००पर्यंत घासलं. पातं आरशासारखं चमकतंय, पण टोमॅटोच्या सालीवरून घसरतं!

चमकतेय ती धारेची बाजू. धार त्या दोन बाजू जिथे भेटतात तिथे असते, आणि तुमच्या बाजू बहुधा अजून भेटलेल्याच नाहीत. धारेच्या उतारावर मार्करची शाई फासा, १०००वर चार हात मारा आणि सुरी उजेडात धरा. अगदी कडेला शाईची रेघ उरली असेल, तर सुरी फार आडवी पडतेय. पाठ थोडी उचला. ४५ मिलिमीटर रुंद पात्याला १५ अंशांसाठी पाठ साधारण १२ मिलिमीटर वर हवी.

मग एकाच बाजूने घासत राहा, पलीकडे बर येईपर्यंत. बर म्हणजे कडेवर वळून उभा राहणारा धातूचा पापुद्रा. अंगठा पाठीकडून धारेकडे नेत अलगद बाहेर काढला की बोटाला अडकतो. (धारेच्या लांबीवरून बोट फिरवू नका, कापेल.) मुठीपासून टोकापर्यंत तो सगळीकडे लागला की बाजू बदला. तोवर बारीक दगड बाहेरच काढू नका.

बारीक दगडावर काम उलटं, तिथे बर घालवायची असते. हात अगदी हलका ठेवून एकेक ओढ आलटूनपालटून मारा. जोर दिलात तर बर निघत नाही, नुसती इकडची तिकडे कलंडते. पहिले दोन टोमॅटो झकास कापले आणि तिसऱ्यावर सुरी घसरली, तर बर राहिली होती म्हणून समजा. शिवाय सालीला किंचित खरखरीत धारच मानवते. माझी रोजची सुरी मी ३०००वरच थांबवतो.

नवा बारीक दगड रात्रभर भिजत ठेवला. सकाळी काठाला चिरा! काय चुकलं?

रात्र चुकली. सच्छिद्र १०००चा दगड बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं बुडवतात. बारीक दगड बहुधा दाट असतात, त्यांना वरून पाणी शिंपडलं तरी पुरतं. मॅग्नेशियाने (एका प्रकारच्या सिमेंटने) बांधलेला दगड तर भिजत राहिला की त्याची बांधणीच सुटू लागते. मीही एक असाच घालवलाय. काम झालं की धुवा आणि कडेवर उभा करून सावलीत वाळवा. उन्हात नको, ओला असताना डब्यात तर नकोच.

दगड मधोमध खोलगट आणि काळा झालाय, आता नीट घासतही नाही.

काळा थर म्हणजे अडकलेला स्टीलचा चुरा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि वाहत्या पाण्याखाली ४०० नंबरच्या डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेल्या सपाट पाटीवर) घासा. आधी काठाच्या रेघा जातील, मधल्या उरतील, तीच तुमची खोली. सगळ्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. काळेपणाही त्यातच जातो. शेवटी चारही कडा जराशा घासून गोलसर करा, नाहीतर टवके उडतात. बारीक दगड स्टील फार कमी काढतो, त्यामुळे खोलगटपणाने कोन जरासा बदलला की दगड धारेपर्यंत पोचतच नाही. दर दोन-तीन वापरांनंतर हे करा.

दगडावर तेल चालेल का?

पाण्याच्या दगडावर अजिबात नाही. तेल मुरलं की निघत नाही. अर्कान्सासच्या (अमेरिकेतल्या नैसर्गिक) दगडावर पातळ खनिज तेल चालतं. खाद्यतेल मात्र तिथेही नको, ते चिकट होऊन छिद्रं बुजवतं.