भारतीय सांख्यिकी सेवेत वरपर्यंत जाता येतं, की आयुष्यभर आकडेच भरायचे? (लातूरला एम.एस्सी. संख्याशास्त्र करतोय)

जाता येतं. सहायक संचालक, उपसंचालक असं चढत महासंचालकापर्यंत. परीक्षा यूपीएससीची, लेखी 1000 गुण, मुलाखत 200. पदवीला संख्याशास्त्र असेल तर एम.एस्सी. संपायची वाट बघू नका, वयाची मर्यादा 30 आहे.

पण ‘आकडेच भरायचे’ हे वाचून राहवलं नाही. आमचे एक महसूलवाले पाहुणे दर दिवाळीला हेच ऐकवतात.

पीक कापणी प्रयोग घ्या, म्हणजे शेताचा छोटा तुकडा मोजून कापायचा आणि त्याच्या वजनावरून उत्पादन काढायचं. समजा, प्लॉट 10 बाय 5 मीटर. जागा यादृच्छिक अंकांनी ठरते, बांधावरून ‘हितं घ्या’ म्हणून नाही. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजायची, खुंट्या ठोकायच्या आणि कर्ण तपासायचा, 11.18 मीटर. तो जुळला नाही तर चौकोन तिरका, क्षेत्र कमी, उत्पादनही कमी दिसणार. 50 चौरस मीटरचं वजन 200 नं गुणलं की हेक्टरी उत्पादन, म्हणजे काट्यावरची 100 ग्रॅमची चूक हेक्टरी 20 किलोची होते. पावसातलं सोयाबीन ओलंच तोललं की उत्पादन फुगतं आणि शेतकऱ्याचा विमा बुडतो. वाळवून पुन्हा तोलायचं असतं, पण दुसरी चक्कर कुणालाच नको असते. कापसाला तर वेचण्याच तीन-चार. मधली एक मालकानं परस्पर उरकली की प्रयोग वाया.

प्लॉट केवढा असावा यावर सुखात्मे आणि महालनोबिस या दोन संख्याशास्त्रज्ञांचं मोठं भांडण होतं. प्लॉट लहान ठेवला तर कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पादन जास्त दिसतं, हा सुखात्म्यांचा मुद्दा. मला तोच पटतो.

टेबलावर बसून काय करतात? तीस प्रयोगांची वजनं एकाखाली एक लावतात. ग्रॅमपर्यंत तोलायचं असताना सगळ्यांच्या शेवटी शून्य नाहीतर पाचच दिसला, तर काटा शेतात गेलाच होता का, हे विचारावं लागतं. पाहुणे म्हणतात, पीक आम्ही बघताक्षणी ओळखतो. नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे महसूल खात्याचा पिकाचा पहिला अंदाज, तिच्या नावातच नजर आहे, आम्हाला वजन लागतं.

एक सांगायचं राहिलं. प्रयोग राज्याचे तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक करतात. केंद्राची माणसं त्यातले काही नमुन्यादाखल तपासतात. नेमणूक देशभर कुठंही होते, मराठवाडा मिळेलच असं नाही. आणि परीक्षेत संख्याशास्त्राच्या चार पेपरांतले दोन पर्याय निवडायचे, पण दोन सविस्तर उत्तरं लिहायचे असतात. लातूरला पर्याय टिकमार्क करायची सवय लागलेली पोरं तिथंच अडकतात.