रिक्वायरमेंट गॅदरिंगचा, म्हणजे क्लायंटला सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवंय ते काढून घेण्याचा, ३५ तासांचा कोर्स करू का? बडोद्यातच बिझनेस अ‍ॅनालिस्ट व्हायचंय.

३५ तास म्हणताय म्हणजे बहुतेक सीबीएपीची तयारी, म्हणजे आयआयबीए या संस्थेची अनुभवी लोकांसाठीची परीक्षा. त्या परीक्षेला बसायला गेल्या १० वर्षांतलं ७५०० तासांचं कामही दाखवावं लागतं, ते क्लासवाले फी भरल्यावर सांगतात. नवखे असाल तर आयआयबीएचीच ईसीबीए ही सुरुवातीची परीक्षा बघा, तिला अनुभवाची अट नाही.

आता खरं बोलू. माझं ट्रेनिंग अलकापुरीतल्या एका हॉटेलात झालं. रोल-प्लेमधला क्लायंट इतका गुणी की विचारलं ते सगळं सांगायचा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) असा क्लायंट मला अजून भेटायचाय. काम करणाऱ्याशेजारी बसून नुसतं बघणं हे बाबोक या आयआयबीएच्या मार्गदर्शक पुस्तकातल्या ५० तंत्रांपैकी एक आहे. ते एका स्लाइडमध्ये उरकलं, कारण चहा आला होता.

पुढचाच प्रोजेक्ट मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअरच्या सॉफ्टवेअरचा. मीटिंगला मालक, प्लांट हेड, अकाउंट्सवाले. सगळ्यांचं एकमत की इंजिनिअरच्या मंजुरीशिवाय एक बेअरिंगही बाहेर जाता कामा नये. सह्या झाल्या. मी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला म्हटलं, स्टोअरकीपरला कुणी विचारलंय का? तर म्हणे, ‘सही कोणाची? मग रिक्वायरमेंटही त्याचीच.’

मी तरी रात्रपाळीला जाऊन बसलो. स्टोअरमधले काका गुजराती, आमच्या गप्पाही गुजरातीतच. मध्यरात्रीनंतर मशीन अडलं, फिटर धावत आला, काकांनी कच्च्या चिठ्ठीवर लिहून बेअरिंग देऊन टाकलं. इंजिनिअर सकाळी येणार. मंजुरीचं काय, विचारलं तर म्हणाले, ‘तो शुं सवार सुधी मशीन बंध राखुं?’ (मग काय सकाळपर्यंत मशीन बंद ठेवू?)

मी लेखी दिलं की रात्री तातडीचा माल आधी निघू द्या, मंजुरी नंतर घ्या. उत्तर आलं, स्कोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामात, नाही. सिस्टीम सुरू झाली आणि महिन्याभरात मालकाला रिपोर्ट दिसला, त्यात कारखान्याचा निम्मा माल रोज सकाळी नऊ ते दहामध्येच खपत होता! रात्रीचं सगळं वहीत जायचं, इंजिनिअर आला की एकदम एन्ट्री. मग माझीच नोट चेंज रिक्वेस्ट (ठरलेल्या कामात बदलाची मागणी) होऊन आली, वेगळं बिल लावून. ते प्रोजेक्ट मॅनेजर आजही लग्नाकार्यात भेटले की ऐकवतात, ‘क्लायंटने ती रिक्वायरमेंट दिलीच नव्हती.’ अहो, एसी सोडून खाली उतरला असतात तर मिळाली असती! आणि हल्ली ते हाच विषय शिकवतात. म्हणून नाव नोंदवण्याआधी शिकवणारा कधी शॉपफ्लोअरवर बसलाय का, एवढं विचारा. प्रत्यक्ष जागेवर नेत असतील तर उत्तम. नुसत्या टेम्प्लेट्स देणार असतील तर त्या फुकट मिळतात.

गुजराती मात्र पक्की ठेवा. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढला असाल तर तो प्रश्नच नाही.

सह्यांचा कागद नकोच असं मी म्हणत नाही, पैसे त्यावरच सुटतात. आणि हे सगळं कारखान्यांपुरतं. बँक-विम्याच्या कामात बरेचसे नियम कागदावरच असतात, तिथे रात्री कुणाशेजारी बसून फारसं हाती लागणार नाही. सर्टिफिकेट नसेल तर तिथल्या एचआरकडे रेझ्युमेही अडकू शकतो. सध्याची कंपनी फी भरणार असेल तर एवढा विचारही करू नका, करून टाका.