भुवयांबद्दल बिनधास्त विचारा

यावेळी टपालात निम्म्याहून जास्त पत्रं भुवयांचीच निघाली म्हणून बाकीचं सगळं पुढच्या अंकात. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाहीये.

ताई, कॉलेजपासून दर पंधरा दिवसांनी आयब्रो करते. तेव्हा बारीक कमानीची फॅशन होती, आता सगळ्यांना जाड हव्यात आणि माझ्या काही केल्या वाढत नाहीत, मधेमधे चक्क टक्कल दिसतं. एरंडेल लावून बघितलं. पेन्सिल लावली की शिक्का मारल्यासारखं दिसतं, काय करू? (इचलकरंजी)

आधी पार्लर बंद कर. कायमचं नाही गं, तीन-चार महिने. भुवईचा केस डोक्यावरच्या केसासारखा वर्षानुवर्षं वाढत बसत नाही, महिना-दोन महिने वाढतो आणि मग बराच काळ नुसता बसून असतो (म्हणून तर भुवयांच्या वेण्या घालाव्या लागत नाहीत, देवाची कृपा). पूर्ण चक्र साधारण चार महिन्यांचं, त्यामुळे पंधरा दिवसांत काहीच आलं नाही म्हणून तू परत दोऱ्याखाली जाऊन बसतेस तेव्हा जे नुकतं उगवत होतं तेही जातं. मधल्या काळात खुंट दिसतील, कुणीतरी टोमणा मारेल, मारू दे. अगदीच राहवलं नाही तर दोन भुवयांच्या मधले आणि पापणीजवळ भलतीकडे आलेले तेवढे चिमट्याने काढ, भुवईला लागून असलेल्यांना हात नको. एक मात्र खरं सांगते, वर्षानुवर्षं उपटलेल्या जागची काही मुळं कायमचीच गेलेली असतात, तिथे केस येणार नाही. एरंडेलाने केस चमकतात आणि जरा जाड दिसतात, पण त्याने नवे केस उगवतात असं काही सिद्ध झालेलं नाही. लावायचं तर लाव, बाटलीभर अपेक्षा ठेवू नकोस.

आता शिक्क्याचं. मला खात्री आहे तू काळी पेन्सिल घेतेस, नाकाकडच्या टोकापासून सुरुवात करतेस आणि आधी बॉर्डर काढून मग आत रंगवतेस, बरोबर ना? हे तिन्ही सोड. जुन्या मस्काऱ्याचा ब्रश साबणाने धुऊन वाळव आणि त्याने केस वरच्या बाजूला विंचर, म्हणजे खरी रिकामी जागा कुठे आहे ते दिसेल, बहुतेक वेळा वाटते त्यापेक्षा ती कमीच असते. पेन्सिल केसांपेक्षा एक शेड फिकी हवी, आपले केस काळे म्हणजे गडद चॉकलेटी, त्यातही लालसर झाक नको. टोक करून घे. मग भुवईच्या मध्यापासून कानाकडे जात जात, केस ज्या बाजूला वळतात त्याच बाजूला, केसाएवढ्याच छोट्या छोट्या रेघा, हलक्या हाताने, फक्त जिथे रिकामं आहे तिथे. नाकाकडचा भाग सगळ्यात शेवटी आणि तिथे पेन्सिल जवळजवळ टेकवायचीच नाही, ब्रशने मागचाच रंग थोडा पुढे ओढायचा. शिक्का तिथेच बसतो, कारण तिथले केस मुळात विरळ आणि उभे असतात, कडक रेघ आली की चेहरा रागावलेला दिसतो. बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली बघू नकोस, आरसा घेऊन खिडकीपाशी जा आणि हातभर लांबून बघ.

काजळाने भुवया भरणाऱ्या खूप जणी आहेत, पण काजळ मऊ आणि तेलकट असतं, पसरणारच, मे महिन्यात दुपारच्या लोकलमध्ये ते कपाळावर येतं. कपाळ तेलकट असेल तर पेन्सिलीपेक्षा चॉकलेटी मॅट आयशॅडो आणि तिरका ब्रश बरा टिकतो.

ताई, डिसेंबरमध्ये लग्न आहे. पार्लरवाली म्हणते मायक्रोब्लेडिंग करून घे, ब्रायडल पॅकेजमध्ये स्वस्त पडेल. करू का? (नाशिक)

स्वस्तात कपडे घे, टॅटू नको. हो, हा टॅटूच आहे, बारीक सुयांच्या पात्याने त्वचेच्या वरच्या थरात रंग भरतात आणि तो साधारण वर्ष-दीड वर्षात फिका होतो, कुणाचा त्याहून जास्त टिकतो. पहिले काही दिवस भुवया भलत्या गडद दिसतात, मग खपल्या धरतात, पडतात, त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने टचअप. म्हणजे करायचंच असेल तर लग्नाच्या किमान दोन महिने आधी, आठवडाभर आधी करशील तर फोटोत खपल्या येतील. तेलकट त्वचेवर रेघा पसरून एकच पट्टा होतो, रंग उतरताना काहींचा राखाडी पडतो, काहींचा लालसर. जखमेचे व्रण उंच वाढत असतील, डायबिटीस असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार. सुई सीलबंद पाकिटातून तुझ्यासमोर काढली नाही तर उठून ये, पैसे दिले असले तरी. आणि तिने केलेल्या कामाचे आजचे फोटो बघू नकोस, वर्षापूर्वी केलेल्यांचे माग.

मला विचारशील तर तुला याची गरजच नाही, लग्नाचा मेकअप करणारी भुवया भरणारच आहे. थ्रेडिंग हळदीच्या दोन-तीन दिवस आधी उरक. त्याच दिवशी केलंस तर सोललेल्या कातडीवर हळद लागून आग होते, आणि तुझ्या मावश्या काही भुवया सोडून हळद लावणार नाहीत. पिंपल्ससाठी रेटिनॉलची क्रीम लावत असशील तर भुवयांना वॅक्स अजिबात नको, कातडी निघून येते.

मॅडम, मी मुलगा आहे, हसू नका. माझ्या भुवया जोडलेल्या आहेत. मित्र म्हणतो रेझर मार, आई म्हणते जाड येतील. (लातूर)

हसत नाहीये रे. रेझरने जाड येत नाहीत, केस मधून कापला की टोक बोथट होतं आणि म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. पण रेझर सटकला तर अर्धी भुवई जाते, त्यामुळे चिमटाच घे, अंघोळीनंतर. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून सरळ वर एक रेघ मनात धर, दोन्हीकडच्या त्या रेघांच्या मधले फक्त काढ आणि थोडे कमीच काढ. खालून कमान द्यायला जाऊ नकोस. फार लांब झालेले असतील ते वर विंचरून कात्रीने टोकाला काप, सलूनवाला दादाही करून देईल.

माझं वय ४८. दोन्ही भुवयांची बाहेरची टोकं वर्षभरात जवळजवळ गेली. उरलेल्यात पांढरे केस आलेत, ते डोक्याला लावते त्याच काळ्या मेहंदीने रंगवते. टोकांसाठी कोणती पेन्सिल घेऊ? (सोलापूर)

काकू, पेन्सिल नंतर, आधी रक्त तपासा. भुवईचा बाहेरचा तिसरा भाग विरळ होणं हे थायरॉइड कमी पडत असल्याचं एक लक्षण असू शकतं, सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठता असं काही असेल तर नक्कीच. टीएसएच नावाची थायरॉइडची साधी रक्ततपासणी आहे. गोल चकती पडल्यासारखे केस गेले असतील तर चाई असू शकते, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा असेल जिथे स्पर्श कळत नाही, किंवा चेहऱ्याची त्वचा जाड होतीये असं वाटत असेल, तर सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगातही भुवया झडतात, औषध तिथे फुकट मिळतं आणि सहा महिने ते वर्षभर घेतलं की बरं होतं. घाबरवत नाहीये, लाजेपायी लोक उशीर करतात म्हणून लिहिलं.

आता ती मेहंदी, ती आजच थांबवा. काळ्या मेहंदीत बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्युअर नावाचा भुवया-पापण्या रंगवायचा डाय निघाला होता, त्यातही हेच होतं, बायकांचे डोळे सुजले, जखमा झाल्या, दृष्टी गेली, आणि १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला त्यामागे हे प्रकरणही होतं. आपल्याकडेही असा डाय असलेल्या पाकिटावर भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते असं छापावंच लागतं, चष्मा लावून वाचा एकदा. पांढऱ्या केसांवर रंगीत ब्रो जेल फिरवा, रात्री धुतलं की जातं. रिपोर्ट आल्यावर टोकांसाठी पेन्सिल सांगते, वर लिहिलेली पद्धत तोवर वाचून ठेवा.

पार्लरवाली दोरा दातात धरते, मला किळस येते. बोलू का? (ठाणे)

बोल. दोऱ्याचं एक टोक दातात न धरता मानेला अडकवूनही थ्रेडिंग होतं, बऱ्याच जणी तसंच करतात. निदान रिळावरून नवीन दोरा काढायला सांग, आधीच्या बाईचा तोच दोरा तुला नको, त्याने चामखिळीसुद्धा पसरतात. आणि ती "वरून थोडं काढू का" म्हणाली तर नाही म्हण.